गाण्याने नाटक थांबत नाही

मराठी संगीत रंगभूमीविषयी आपल्या सुशिक्षित समाजात एक मत इतके सर्वमान्य होऊन बसले आहे की, ते मांडणाऱ्यास पुरावा देण्याची गरज वाटत नाही आणि ऐकणाऱ्यास तो मागण्याचे सुचत नाही. ते मत असे : संगीत नाटक हा एका काळाचा शौक होता, त्यात नाटक थोडे आणि गाणे फार, पात्र बोलता बोलता गाऊ लागले की कथानक जागच्या जागी खिळते आणि गवयाचा गळा दमेपर्यंत नाट्य तहकूब राहते, विषय पाहावे तर राजे, ऋषी आणि स्वयंवरे, पुढे बोलपट आला, वास्तववादी नाटक आले, आणि हा प्रकार आपल्या मरणाने मेला, आज जे कोणी त्याचे प्रयोग करतात किंवा आवर्जून पाहावयास जातात, ते गतकाळात रमणारे भाविक होत, त्यांच्या उत्साहास फार तर रसिकांच्या हौसेत जमा धरावे, नाट्यप्रेमात धरू नये. हे मत मी व्याख्यानांतून ऐकले आहे, परीक्षणांतून वाचले आहे, आणि ज्यांच्या व्यासंगाविषयी मला शंका नाही अशा स्नेह्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. आणि दर वेळी मला त्याचा मनस्वी संताप आला आहे. माझ्या आवडीचा उपमर्द झाला म्हणून नव्हे. ज्या कलाप्रकारावर मराठी नाट्य कित्येक दशके पोसले गेले त्याच्याविषयी असे विधान केले जाते की जे मूळ संहिता उघडून एक प्रवेश वाचला तरी टिकत नाही, म्हणून.

या फिर्यादीतले मुख्य कलम म्हणजे गाणे नाटकाला थांबवते हे. बाकीची कलमे त्याच्याच आधाराने उभी आहेत, म्हणून त्याचा समाचार प्रथम आणि विस्ताराने घेतला पाहिजे.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा पदे म्हणण्याचे काम सूत्रधाराकडे होते. तो गाई, आणि पात्रे त्या प्रसंगाला अनुसरून वावरत आणि आयत्या वेळी सुचेल ते भाषण करीत. त्या नाटकांत गाणे हे खरोखरच पात्रांच्या बाहेरचे होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी जी क्रांती केली ती नेमकी या जागी केली. त्यांनी पद सूत्रधाराच्या मुखातून काढून ज्याच्यावर प्रसंग ओढवला आहे त्या पात्राच्या मुखात घातले. दुष्यंताचा मोह दुष्यंतच गाऊ लागला, आणि मुलीला सासरी पाठविणाऱ्या कण्वाचा कंठ कण्वाचाच दाटून येऊ लागला. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्या त्या भूमिकांनी पुण्याचा प्रेक्षक भारावला, तो केवळ दोन चांगले गळे ऐकावयास मिळाले म्हणून काय? चांगले गळे त्याला कीर्तनात मिळत होते, बैठकीत मिळत होते. नाटकात त्याला मिळाला तो दुःख भोगणारा मनुष्य, स्वतःच्या आवाजात गाणारा. मराठी संगीत नाटकाचा जन्मच मुळी गाणे आणि पात्र यांमधले अंतर नाहीसे करण्यातून झाला आहे. आणि त्याच नाटकावर, गाणे पात्रापासून वेगळे पडते असा आरोप ठेवला जातो!

दोन वर्षांनी आलेल्या 'सौभद्रा'त तर हे तत्त्व इतके मुरलेले दिसते की त्याच्या रचनेचे कौतुक करावे तितके थोडे. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत, घराघरांतून बायकांच्या तोंडी असलेल्या चाली, कीर्तनातली वळणे, कर्नाटकातून आलेले ढंग, असे जे काही त्या काळच्या मराठी माणसाच्या कानावर रोज पडत होते ते किर्लोस्करांनी उचलले आणि थोडक्या थोडक्या शब्दांत पात्रांना दिले. पुष्कळ पदे इतकी आटोपशीर आहेत की ती गद्याच्या दोन वाक्यांच्या मधून निघून जातात. वडील भावाने दुर्योधनाशी ठरविलेला विवाह सुभद्रेला नको आहे. परंतु बलरामदादासमोर उभे राहून ते बोलण्याची सोय तिला त्या घरात नाही. मग ते ती कोठे बोलणार? तिच्या पदांत. गद्यात ती मर्यादेने वागते, पदात तिचे मन उघडे होते, आणि या दोहोंमधली ओढाताण हाच त्या भूमिकेचा प्राण आहे. ही पदे काढून टाका आणि मग सुभद्रेपाशी काय उरते ते टीकाकारांनी सांगावे.

कोकणातील एका गावी देवळाच्या सभामंडपात एका हौशी मंडळीचा 'सौभद्रा'चा प्रयोग मी पाहिला, त्यातले एक स्थळ येथे सांगतो. कारण या वादाचा निकाल सिद्धान्तापेक्षा अशा ठिकाणी लवकर लागतो. सुभद्रेचे काम करणारी मुलगी कुसुमावतीशी बोलत होती. रंगमंचाखाली डाव्या हाताला ऑर्गन आणि उजव्या हाताला तबला. ऑर्गनवाले गृहस्थ पट्ट्यांकडे पाहत नव्हते. त्यांची दृष्टी त्या मुलीच्या ओठांवर होती, आणि पाय भात्यावर इतक्या हलकेच चालत होते की पद सुरू होण्याच्या दोन वाक्ये आधीपासून षड्ज भाषणाखाली तरळू लागला होता हे पुष्कळांच्या ध्यानातही आले नसावे. त्या मुलीने बोलता बोलता आवाज किंचित उतरविला, शेवटच्या वाक्यातला शेवटचा शब्द बरोबर त्या सुरावर ठेवला, श्वास घेतला न घेतलासा केला, आणि ती गात होती. बोलणे कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले हे दाखविता आले नसते. तबलजीने पहिल्या ओळीला हात लावला नाही. ओळ पुन्हा आली, तेव्हा समेवर तो अलगद शिरला. पुढे एका जागी तिला लांब तान घेता आली असती, गळाही तसा होता. परंतु समोर सखी उभी होती आणि तिला उत्तर हवे होते, म्हणून तिने तान आखडली आणि शब्द पुढे केला. सभामंडपात टाळी पडली ती त्या आखडलेल्या तानेला. त्या गावच्या प्रेक्षकाला जे कळले ते आमच्या नगरांतल्या परीक्षकांना का कळू नये?

देवलांच्या 'शारदे'कडे या. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या जख्ख म्हाताऱ्याला द्यावयास निघाला आहे. त्यात वल्लरी आणि इतर मैत्रिणी नवरदेवाच्या वयाची थट्टा करतात ते पद महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? पण ते पद नाटकात पाहिलेल्यास ठाऊक आहे आणि केवळ तबकडीवर ऐकलेल्यास ठाऊक नाही अशी एक गोष्ट त्यात आहे. गाणाऱ्या मुली हसत असतात, प्रेक्षकही त्यांच्याबरोबर हसू लागतो, आणि ज्या मुलीचे हे लग्न आहे ती मध्ये गप्प बसलेली असते. ठेका जसजसा खेळकर होत जातो तसतसे तिचे मौन असह्य होत जाते. मुलींच्या विक्रयावर त्या काळी लेख निघाले, व्याख्याने झाली, सभांनी ठराव केले. परंतु प्रेक्षकाला आधी हसावयास लावून मग त्याच्याच हसण्याची त्याला लाज वाटावी, हे सामर्थ्य त्या पदाचे होते. येथे कथानक थांबले काय? माझ्या मते त्या नाटकातले सर्वांत क्रूर पाऊल तेथेच टाकले गेले आहे.

'एकच प्याला'ची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण टीकाकार तिचा उपयोग आपल्या बाजूने करतात. गडकरी जानेवारी 1919 मध्ये वारले. नाटक पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास केले. आणि त्यातली पदे गडकऱ्यांची नव्हेत, वि. सी. गुर्जरांची. तेव्हा पदे ही वरून चिकटविलेली आहेत हे सिद्धच झाले, असा युक्तिवाद केला जातो. पण प्रश्न पदे कोणी लिहिली हा नसून ती प्रयोगात काय करतात हा आहे. दारूपायी सुधाकराची सनद जाते, अब्रू जाते, घरातले किडूकमिडूक जाते, आणि त्याची श्रीमंत माहेरची पत्नी सिंधू लोकांची दळणे दळू लागते. बालगंधर्वांसारखा नट, ज्याच्या शालूंची आणि दागिन्यांची महाराष्ट्राला भुरळ पडली होती, तो सिंधू होऊन ठिगळांच्या लुगड्यात रंगभूमीवर आला आणि पाळण्याजवळच्या ओव्यांच्या वळणाने गायला. ज्या कंठातून 'मानापमाना'तल्या भामिनीचे वैभव ऐकण्याची प्रेक्षकांना सवय होती त्याच कंठातून आता दारिद्र्य ऐकू आले. हा परिणाम शब्दांनी साधला असता काय? आणि त्याच प्रयोगात, त्याच गाणाऱ्या मंडळीत, गणपतराव बोडस यांच्यासारखा, ज्याची कीर्ती गळ्यावर नव्हे तर अभिनयावर उभी होती असा नट सुधाकर करीत होता. गंधर्व मंडळीला जर केवळ मैफल भरवावयाची होती, तर तिला बोडसांची गरज काय होती?

'संशयकल्लोळ'ही पुराव्यास घ्यावयाचे ते याच कारणाने. देवलांनी हे नाटक प्रथम 'फाल्गुनराव' या नावाने गद्यात लिहिले, आणि त्याचे संगीत रूपांतर 1916 साली रंगभूमीवर आले. म्हणजे एकच कथानक, तीच पात्रे, तोच तसबिरीचा घोटाळा, गद्यात आणि संगीतात असा दोन्ही प्रकारे महाराष्ट्राच्या पुढे ठेवला गेला. गाण्याने नाटक मरत असते तर गद्य 'फाल्गुनराव' आज जिवंत असावयास हवा होता. वस्तुस्थिती अशी की शंभर वर्षे उलटून गेल्यावरही हौशी मंडळी उभे करतात ते संगीत 'संशयकल्लोळ', आणि मूळ गद्य नाटकाचे नाव अभ्यासकांच्या दफ्तरात राहिले आहे. फाल्गुनराव आणि कृत्तिका संशयाने भांडतात ते गद्यात. रेवती आणि अश्विनशेठ यांचा अनुराग फुलतो तो पदांत. आणि त्या अनुरागाची गोडी मनात बसली असल्यामुळेच पुढे संशयाने ती नासू लागते तेव्हा हसता हसता प्रेक्षक हळहळतो.

आता एक गोष्ट मान्य करावयाची ती करून टाकतो. गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या 'मानापमाना'ला आणि भास्करबुवा बखल्यांनी 1916 च्या 'स्वयंवरा'ला ज्या चाली दिल्या, त्यांनी हिंदुस्थानी रागदारीचे दालन नाटकाला खुले केले. साथीला तिरखवाँसारखा तबलिया आणि कादरबक्षांसारखा सारंगिया बसू लागला. वन्समोअरवर वन्समोअर पडू लागले, आणि काही रात्री अशा गेल्या की पहाट झाली तरी नाटक संपले नाही. हे झाले, आणि नाट्याच्या दृष्टीने ते योग्य झाले नाही. परंतु हा दोष त्या रात्रींचा, त्या गायकांच्या आणि त्यांना पुन्हा पुन्हा गावयास लावणाऱ्या प्रेक्षकांच्या अनावरपणाचा आहे. गद्य नटाने स्वगत ओरडून म्हणावे आणि टाळीसाठी तेच वाक्य घोळवावे, असेही आपल्या रंगभूमीवर वर्षानुवर्षे घडले आहे. त्यावरून भाषण हे नाटकाला मारक आहे असा निष्कर्ष कोणी काढला काय? याहून अधिक मी या मुद्द्यावर देऊ शकत नाही.

विषय जुनेपुराणे, हे दुसरे कलम. 'शारदा' आणि 'एकच प्याला' यांचा उल्लेख वर आलाच आहे. मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' ललितकलादर्शने 1922 साली केले, वीर वामनराव जोश्यांचे 'रणदुंदुभि' आणि सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत मंडळीने केले. यांत राजकीय पारतंत्र्य, अहिंसा आणि शस्त्र, सत्ता आणि स्वाभिमान यांखेरीज दुसरा विषय कोणता आहे? आणि 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे मालक 'मानापमाना'त एकत्र उभे राहिले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पौराणिक आवरणाखाली चालू काळाचे बोलणे हे नाटककार खाडिलकरांनी आयुष्यभर केले. ज्यांना ते आवरण तेवढे दिसते त्यांनी नाटक पुन्हा वाचावे.

संगीत नाटक मेले, हे तिसरे कलम. आणि ते तर घडलेल्या इतिहासाच्या सरळ विरुद्ध आहे. मेल्या त्या नाटक मंडळ्या. शेकडो माणसांचे बिऱ्हाड गावोगाव हिंडविणाऱ्या, कोल्हापूरच्या चित्रकारांकडून पडदे रंगवून घेणाऱ्या, भरजरी पोशाखांवर कर्ज काढून खर्च करणाऱ्या या संस्था, नाट्यगृहेच चित्रपटाच्या ताब्यात जाऊ लागली तेव्हा कर्जाखाली बुडाल्या. व्यवहार बुडाला म्हणजे कला संपली, असे समजण्याची चूक आपण दुसऱ्या कोणत्याही कलेच्या बाबतीत करीत नाही. 1933 साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' करून आधुनिक मराठी नाटकाचा आरंभ केला असे आपण मुलांना शिकवितो. त्या नाटकात केशवराव भोळ्यांनी चाल दिलेली पदे होती आणि ती ज्योत्स्नाबाई भोळे गात होत्या, हे शिकवावयास विसरतो. आधुनिकतेने गाणे हाकलून दिले नाही. तिने ते आटोपशीर केले, भावगीताच्या जवळ आणले, आणि स्त्रीच्या भूमिकेत स्त्रीला गाऊ दिले. पुढे विद्याधर गोखल्यांनी 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'मंदारमाला' लिहिली. गोव्याच्या मातीतून आलेल्या जितेंद्र अभिषेकी यांनी 1964 साली 'मत्स्यगंधे'ला संगीत दिले, मग 'ययाति आणि देवयानी'ला. आणि डिसेंबर 1967 मध्ये नाट्यसंपदेने दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आणले. या नाटकात दोन घराण्यांचे वैर हेच कथानक, गाणे हेच शस्त्र, आणि चोरून ऐकून शिकणारा सदाशिव हाच पेच. वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत गात, तेव्हा गर्व, कोंडमारा आणि विद्येवरचे जीव तोडून केलेले प्रेम ही तिन्ही एकाच आवर्तनात ऐकू येत. या नाटकातले गाणे वगळून गोष्ट सांगा पाहू! आणि हे सारे जुने म्हणावे तर 2017 सालच्या 'संगीत देवबाभळी'चे काय? प्राजक्त देशमुखांच्या या नाटकात दोनच स्त्रिया, तुकोबांची आवली आणि पायात काटा रुतलेल्या त्या आवलीच्या घरी येऊन राहिलेली लखूबाई. आणि दोघींच्या ओव्यांतून, अभंगांतून जे उकलते ते कोणत्याही गद्य संवादाला उकलले नसते. त्या नाटकाला गर्दी करणाऱ्यांत तरुण मंडळी कमी नव्हती. गतकाळात रमावयास त्यांच्यापाशी गतकाळ आहे कोठे?

मला सर्वांत अधिक बोचतो तो मात्र टीकाकारांचा दुटप्पी न्याय. 'घाशीराम कोतवाल' भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर आणि गाणाऱ्या माणसांच्या भिंतीवर उभे आहे, ते नाट्य. ब्रेख्ट आणि वाइल यांचे बर्लिनमधले नाटक पु. लं.नी 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून मराठीत आणले, त्यातले गाणे प्रेक्षकाला विचार करावयास लावते, म्हणून तेही नाट्य. लंडनला गेलेला मराठी प्रवासी 'ले मिझराब्ल'चे तिकीट आधीच काढून ठेवतो. 2023 च्या मे महिन्यात मुंबईत 'साउंड ऑफ म्युझिक'चे प्रयोग झाले, तेव्हा शिक्षिका मुलांना गाऊन स्वर शिकविते त्या प्रवेशात नाट्य थांबले अशी तक्रार माझ्या ऐकिवात आली नाही. थांबलेच नव्हते, म्हणून आली नाही. मीही त्या नाटकावर प्रेम करतो. पण मग सुभद्रा गाऊ लागताच तुमच्या हातातले घड्याळ का चालू होते? बर्लिन, लंडन आणि न्यूयॉर्क येथे जो गुण, तोच पुणे, सांगली आणि मंगेशी येथे अवगुण कसा होतो? या प्रश्नाला मला आजवर एकाही टीकाकाराने सरळ उत्तर दिलेले नाही.

राहिला आम्हा चाहत्यांचा प्रश्न. आम्हाला भाविक म्हणतात. संगीत नाटकाचा चाहता एकच नाटक पुन्हा पुन्हा पाहतो हे खरे. परंतु तो काय पाहतो? या नटीने तेच पद विलंबित घेतले, त्यामुळे प्रवेशातला राग ओसरला. त्या नटाने अंतऱ्यातला एक शब्द तोडून म्हटला, त्यामुळे अर्थ उजळला. या मंडळीने तिसऱ्या अंकातली पदे कमी केली आणि उपकथानक लंगडे पडले. अशा गोष्टी तो मध्यंतरात उभ्याने बोलत असतो. प्रयोगाप्रयोगांतला हा सूक्ष्म भेद ओळखणे याला टीका म्हणतात, आणि ती आमच्या परीक्षणांपेक्षा या तिकीट काढून आलेल्या माणसांत अधिक जिवंत आहे. भाबडेपणा असलाच तर तो निराळ्या जागी आहे : नाट्यगीतांच्या कार्यक्रमात दहा नाटकांची वीस पदे ओळीने ऐकून संगीत नाटकाची सेवा झाली असे मानण्यात. प्रसंगातून उपटलेले पद ऐकून ज्यांचे कान घडले, त्यांना गाणे प्रसंगाबाहेरचे वाटले तर नवल नाही. पण तो अनुभव नाटकाचा नव्हे, कार्यक्रमाचा आहे, आणि त्याच्या जोरावर नाटकाविरुद्ध निकाल देण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही.

म्हणून माझे मागणे स्पष्ट आहे. 'शारदा' संपूर्ण करा, तिच्या सर्व प्रवेशांसह, सर्व पदांसह, ऑर्गनसाठी रंगमंचासमोर जागा ठेवून. राज्य शासनाच्या संगीत नाट्यस्पर्धेत आणि गोव्यातल्या देवळांच्या उत्सवांत जी मुले पदरमोड करून ही नाटके बसवितात, त्यांच्या प्रयोगाला या आणि शेवटपर्यंत बसा. मग लिहा, वाटेल तितके कठोर लिहा. रुक्मिणी कृष्णावर रुसली तेव्हा तिचा स्वर रुसला की नाही ते लिहा, वल्लरी गात असताना शारदेचा चेहरा दिग्दर्शकाने प्रेक्षकांपासून का लपविला ते विचारा, खाँसाहेबांच्या तानेत गर्व होता की केवळ तयारी होती याचा जाब मागा. संगीत नाटक हे नाटक आहे, त्यातले पद हे पात्राचे बोलणे आहे आणि ते बोलणे प्रसंगाला पुढे नेते. ही कसोटी लावून जे प्रयोग उतरणार नाहीत ते खुशाल टाकाऊ ठरवा. पण एकही प्रयोग पुरता न पाहता या रंगभूमीच्या मृत्यूची नोंद करावयास जे पुढे येतात, त्यांची साक्ष मी मानीत नाही.